उजेड रग्गड, तरी भरदुपारी दिवा

मे महिन्यात दुधनीच्या रस्त्यावर भरदुपारी लाखभर लक्स ऊन असतं. त्यातून एखाद्या अडत दुकानात शिरलात, तर आत कोण बसलंय हे कळायलाही थोडा वेळ लागतो. डोळा जुळवून घेतो, पण लगेच नाही. तूर-मूग पारखायचे तर ते दाराशीच. आतल्या साध्या एलईडीच्या प्रकाशात लाल छटा फिक्या पडतात. दिवसाच्या उजेडात सगळे रंग असतात, म्हणून दाण्याचा खरा रंग तळहातावर दिसतो.

अक्कलकोट तालुक्यातल्या या सरहद्दीवरच्या गावाला उजेडाची टंचाई नाही. तरी नव्या स्लॅबच्या घरांत मधल्या खोलीत दुपारी बाराला बल्ब लागतो आणि पश्चिमेच्या खोलीत चारनंतर पडदा ओढावा लागतो. उजेड कुठून आणि किती घ्यायचा, याचा हिशेबच कुणी केलेला नसतो.

हा हिशेब सूर्यापासून सुरू होतो. दुधनी साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. ‘उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही’ हा थंड देशांतल्या पुस्तकांचा नियम इथे जवळपास तीन महिने मोडतो. दक्षिणेची बाजू मात्र आपण उगाच बदनाम केली आहे. खिडकीच्या डोक्यालगत दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाराला खाली सहा फुटांपर्यंत सावली पडते. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, तिथे असा छज्जा नुसता शोभेचा. तिथे झाड, उभी जाळी किंवा सरळ भिंतच हवी.

जुन्या माळवदाच्या घरांनी खिडक्यांचा प्रश्नच टाळला होता. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि त्यात एक साणं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक. फूटभर लांब-रुंद मोकळ्या साण्यातून भरदुपारी नऊ हजारांच्या वर ल्युमेन उजेड उतरतो, म्हणजे नऊ वॅटचे दहाएक एलईडी बल्ब. गंमत अशी, की त्यातून येणारी उष्णताही साधारण तेवढ्याच बल्बांइतकी, नव्वदेक वॅट. म्हणून साणं लहान असणं शहाणपणाचं. आज हौसेनं जिन्यावर चार बाय चारची काच बसवतात, तिथे हेच गणित सोळापट होतं आणि वरचा मजला तापतो.

पण साण्याचं कौतुक किती करायचं? काळवंडलेल्या भिंतींच्या खोलीत जमिनीवर एकच लख्ख चौकोन पडतो आणि कोपरे आणखी काळे वाटतात. डोळ्याला त्रास होतो तो नुसत्या कमी उजेडाचा नाही, शेजारशेजारच्या उजेड-अंधारातल्या तफावतीचा. त्यावर स्वस्त उपाय चुन्याचा. ताजा पांढरा चुना पडलेल्या उजेडातला सत्तर टक्क्यांहून अधिक परत फेकतो, तोही सगळीकडे विखरून. शाळेच्या वर्गात खालच्या भागाला चकचकीत ऑइल पेंट देतात, त्याने खिडकीचं प्रतिबिंब थेट डोळ्यांत जातं. आणि फळ्याच्या शेजारीच उघडी खिडकी असेल, तर मागच्या बाकावरच्या पोराला अक्षरांआधी खिडकीच दिसते.

खिडकी रुंद असण्यापेक्षा उंच असणं महत्त्वाचं. जमिनीपासून तिच्या वरच्या कडेची उंची जितकी, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो, असा ढोबळ आडाखा आहे. सात फुटांवर संपणारी खिडकी पंधरा-सतरा फुटांपुढे फारशी उपयोगाची नाही. लांबट प्लॉटवरच्या एकामागे एक खोल्या अंधारतात त्या इथेच.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आकाशाचा उजेड 8000 लक्स धरून दिवाणखान्याला 0.625 टक्के, म्हणजे 50 लक्स, आणि स्वयंपाकघराला 2.5 टक्के, म्हणजे 200 लक्स सुचवले आहेत. चौपट! आपल्या आराखड्यात उलटं होतं: रस्त्याकडची मोठी खिडकी सोफ्याला, आणि ओटा मागच्या कोपऱ्यात, जिथे शेजाऱ्याची भिंत हातभर अंतरावर. त्यात दिवा खोलीच्या मधोमध लावला, की उभ्या बाईची सावली नेमकी विळीवर पडते. आराखडा काढणाऱ्याला आधी ओट्याची खिडकी मागायला हवी. सोफा कुठेही मावतो.