जुन्या ट्रॅक्टरचा गंजलेला बोल्ट निघत नाही? जोर लावण्याआधी हे वाचा

वाशिम, रिसोड, कारंजाकडे गोठ्यामागे पावसात भिजत पडलेला एखादा जुना ट्रॅक्टर तुमच्याही ओळखीचा असेल. महिंद्राचा बी-२७५ हे त्यातलं जुनं नाव. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टर व्यवसाय सुरू केला होता. आजोबांचा असा ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचा म्हटलं की पहिली अडचण बहुतेक वेळा न सुटणाऱ्या बोल्टचीच येते.

बोल्ट अडकतो का?

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये तो फुगला की नट पाचर मारल्यासारखा गच्च बसतो. पान्याला लांब पाइप लावून जोर दिला तर गंज हटत नाही, बोल्ट तुटतो.

काढायचा कसा?

१. खोलण्याआधी मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. जोडताना उपयोगी पडतात.

२. वायर ब्रशने आटे साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि रात्रभर मुरू द्या. गरज पडल्यास दोन-तीन दिवस.

३. सहा कोनी सॉकेट वापरा. बी-२७५ सारख्या जुन्या डिझाइनमध्ये इंची माप असतं. मिलिमीटरचा पाना घसरून कोपरे गोल करतो.

४. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या. आधी किंचित घट्ट, मग सैल, असं आलटून पालटून फिरवा.

५. तरीही नाहीच, तर तेल पूर्ण पुसून फक्त नट तापवा. २० मिलिमीटरचं छिद्र ३०० अंशांनी तापलं की सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठं होतं. गंजाची पकड सुटायला तेवढं अनेकदा पुरतं.

६. बोल्ट तुटलाच, तर वेल्डरकडून उरलेल्या तुकड्यावर नवा नट वेल्ड करून घ्या.

बेअरिंगसाठी पुलरच वापरा. बिडाच्या हाऊसिंगवर घण मारला तर ते तडकतं.

हे मात्र कधीच करू नका

टायर चढवलेला असताना चाकाचा बोल्ट तापवू नका, रिमला वेल्डिंग करू नका. आतली हवा तापते, रबरातून जळणारे वायू सुटतात आणि ज्योत बंद केल्यावरही टायर फुटू शकतो. जवळ उभा असलेला माणूस त्यात जीव गमावू शकतो. नुसती हवा सोडून भागत नाही; टायर रिमवरून उतरवा. डिझेल टाकीजवळही ज्योत नको.

गावात कुणी जुना ट्रॅक्टर खोलायला घेतला असेल, तर ही माहिती त्याला आजच पाठवा.