पांढरीवर सापडतं ते

पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेले की आमच्या घरची सगळी मंडळी घोड नदीच्या काठाने चालायला निघतात. शिरूर तालुक्यातल्या या पट्ट्यात पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागा, आहेत. पावसाने वरची माती धुऊन जाते आणि खालच्या खापऱ्या, गारेचे तुकडे उघडे पडतात. आम्ही जातो ते सकाळी लवकर, कारण तिरप्या उन्हात गार चमकते. सगळ्यात आधी दिसतं ते माझ्या आईला. जन्मभर तांदूळ निवडलेली नजर मातीतही खडा आणि पातं वेगळं करते.

हे पातं म्हणजे काय? आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, लाव्हा थंड होताना, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका साचून कॅल्सेडनी, अकीक, जास्पर हे दगड बनले. त्यांचा गाभा नीट घडवून त्यावरून माणसं बारीक पाती काढत. लेकीच्या तळहातावर ठेवलेलं एक पातं सांगतो: लांबी बोटाच्या पेराएवढी, रुंदी नखाएवढी, दोन्ही कडा समांतर, पाठीवर सरळ कणा, पोट गुळगुळीत. उन्हाकडे धरलं की दुधी उजेड आरपार येतो. जिथे घाव बसला त्या टोकाजवळ किंचित फुगवटा असतो. आपोआप फुटलेल्या दगडात हे सगळं सहसा एकत्र दिसत नाही. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवली की विळा व्हायचा, तशीच बाणाची धारही.

खापऱ्यांतही फरक कळायला लागतो. तांबूस रंगावर काळ्या भौमितिक रेषा असलेलं, टिचकी मारली की खणखणीत वाजणारं खापर बहुधा जोर्वे संस्कृतीचं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून हे नाव पडलं. याच घोड नदीवर इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक वर्षं खोदकाम केलं. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या लोकांनी आपली गेलेली लेकरं मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरली होती. हे मी मुलांना सांगितलं, तेव्हापासून ती पांढरीवर जपून पाय टाकतात.

आमच्या घरचा एक नियम आहे: बघायचं, शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा, जागा वहीत लिहायची आणि वस्तू होती तिथेच ठेवायची. घरी आणून बरणीत भरायची नाही. कारण वस्तूइतकीच, किंबहुना जास्तच, किंमत तिच्या जागेला असते. दायमाबाद या गावचंच बघा. १९७४ मध्ये तिथे झुडपाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार अप्रतिम धातुशिल्पं मिळाली. एकूण वजन साठ किलोंहून अधिक! पण ती शास्त्रीय उत्खननात, नेमक्या थरातून निघाली नाहीत. म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

गावच्या माणसाची नजर किती मोठं काम करू शकते, ते धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन पाहावं. सातवाहन काळातल्या या व्यापारी नगरातल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्याच नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात त्या आज सर्वांना पाहता येतात.

कायदाही माहीत असावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते; तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत नाणी, दागिने असं धन सापडलं, तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्थळावर तर खणायचंच नाही.

आज पांढरींना खरा धोका आहे तो सपाटीकरणाचा. पांढरीची माती नेतात, जेसीबी फिरतो आणि एका दिवसात सगळे थर एकमेकांत मिसळतात. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात आपल्या गावच्या पांढरीवर मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि ती वही पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व शाखेला दाखवा. नोंद झालेली पांढर वाचवायला निदान कुणाला तरी पुढे येता येतं.