वाटीचे ग्रॅम किती?
(लेखमाला : स्वयंपाकघरातलं मोजमाप – लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्याची मापं पाहिली. ती सगळी भरून मोजायची. तोलायचा शेर वेगळा, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. भरणं आणि तोलणं यांतला हाच फरक आज वाटीत पाहू.

१९५६ साली भोपाळ राजधानी झालं आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची मराठी नोकरदार कुटुंबं इथे आली. तुलसी नगरसारख्या सरकारी क्वार्टरांच्या वस्तीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या घरांत वाट्या मात्र आपापल्या गावच्या, एक १२० मिलिलिटरची तर दुसरी १८०ची. १९५८च्या ऑक्टोबरपासून बाजारात किलो-ग्रॅम येऊ लागले, तरी ओट्यावर वाटीचंच राज्य राहिलं. त्यात काही चूक नाही. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही.

बिघडतं ते वाटीचं प्रमाण जसंच्या तसं काट्यावर नेलं की. चार वाट्या बेसनाला दीड वाटी पातळ तूप, हे लाडवाचं प्रमाण घ्या. अर्धा किलो बेसन आणलं आणि त्याच हिशेबाने तूप तोललं, तर ते १८७ ग्रॅम भरेल आणि लाडू वळणारच नाही. कारण बेसन हलकं, त्याच्या कणांत हवा फार, तूप भरीव. १५० मिलिलिटरच्या वाटीत बेसन सुमारे ७० ग्रॅम बसतं, पातळ तूप १३५च्या आसपास, रवा १०५, साखर १२५, पिठीसाखर जेमतेम ७५. म्हणजे चार वाट्या बेसन २८० ग्रॅम आणि दीड वाटी तूप २०० ग्रॅम. अर्ध्या किलोला तूप लागतं साडेतीनशे ग्रॅमच्या किंचित वर. जवळजवळ दुप्पट!

हे आकडेही सगळ्या घरांत तंतोतंत येणार नाहीत. चाळलेलं बेसन आणि डब्यात दाबून बसलेलं बेसन यांत वाटीमागे दहा-पंधरा ग्रॅमांचा फरक सहज पडतो. भोपाळच्या थंडीत तूप दगडासारखं थिजतं. चमच्याने खरवडून वाटी भरली तर मध्ये पोकळ्या राहतात. वजनाला थंडी बाधत नाही, म्हणून थिजलेलं तूप तोलूनच घ्यावं. मीठ, सोडा, वेलदोड्याची पूड मात्र चमच्यानेच घ्या. घरगुती काट्यावर एक-दोन ग्रॅमांचा भरवसा नसतो.

आपली वाटी ओळखणं सोपं आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग वाटी कोरडी करून एकेक जिन्नस सपाट भरा, तोला आणि आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आणि परगावी लेकी-सुनांना पाककृती पाठवाल, तेव्हा आपली वाटी किती मिलिलिटरची, तेवढं जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात पाकाच्या तारा.