खरा अशोक ओळखावा कसा?

आपल्या अनेक विहारांच्या व शाळांच्या आवारात सरळ, उंच, फांद्या खाली सोडलेली हिरवीगार झाडे ओळीने उभी असतात. त्यांना सारेच अशोक म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ वृक्षारोपण करताना समाजबांधव मोठ्या श्रद्धेने हेच रोप आणतात. परंतु हा तो अशोक नव्हे. हा खोटा अशोक. त्याचे कूळ सीताफळाचे. खरा अशोक, ज्याला सीतेचा अशोक किंवा रक्ताशोक म्हणतात, तो शेंगा धरणाऱ्या कुळातला, चिंचेचा नातलग. त्याचे शास्त्रीय नाव सराका असोका.

विद्यार्थी मित्रांनी दोन्ही पाने हातात घेऊन पाहावीत. खोट्या अशोकाचे पान सुटे, लांबट व कडेला लहरी असलेले असते आणि त्याची फुले हिरवट, सहसा लक्षातही न येणारी. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते. एका देठावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात, कडा सरळ. कोवळी पालवी तांबूस असते व मरगळल्यासारखी खाली लोंबते. झाडाला पाणी कमी पडले असे वाटते, पण ती त्याची रीतच आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खोडावर व जुन्या फांद्यांवर फुलांचे गुच्छ येतात. फूल प्रथम पिवळे-नारिंगी असते, पुढे लाल होते. म्हणून एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात. गंमत अशी की या फुलाला पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत निदले होत. त्यांतून लांब केसर बाहेर डोकावतात. सुगंध रात्री अधिक जाणवतो.

भगवान बुद्धांच्या जन्माशी या वृक्षाचा संबंध सांगितला जातो. पाली परंपरेतील निदानकथेत लुंबिनीला शालवृक्ष आहे. संस्कृत अशोकावदानात मात्र अशोकवृक्ष येतो. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगानेही तेथे वठलेला अशोक असल्याची नोंद केली आहे. दोन्ही परंपरा सांगाव्यात. एकीसाठी दुसरी लपवू नये, असे आम्हांस वाटते.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखाचा आधार मात्र अधिक पक्का आहे. माणसांना व जनावरांना उपयोगी अशा औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्या, असे तो सांगतो. त्यात कोणत्याही झाडाचे नाव नाही. पण आज तसे काम करायचे तर अशोकावर करण्यासारखे आहे. याची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर वापरतात. अशोकारिष्ट तिच्यापासूनच बनते. सालीला मागणी मोठी, त्यामुळे जंगलातील झाडे बेसुमार सोलली गेली. १९९८ पासून हा वृक्ष जागतिक यादीत संकटप्रवण म्हणून नोंदला आहे. बाजारात खोट्या अशोकाची सालही याच नावाने मिसळली जाते. आमच्या भगिनींनी सुटी साल आणून घरी काढे करू नयेत. वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लागवड अवघड नाही, मात्र बी ताजे हवे. साठवलेले बी लवकर निकामी होते. चपट्या शेंगा पावसाळ्याच्या सुमारास पिकतात, म्हणजे वर्षावास सुरू होण्याचा काळ बी पेरण्यास सोयीचा. बी रात्रभर भिजवून माती, वाळू व शेणखत भरलेल्या पिशवीत पेरावे आणि पिशव्या सावलीत ठेवाव्यात. सुमारे तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पुढच्या पावसाळ्यात दोन फूट खोल खड्ड्यात रोप लावावे.

हा मुळात सह्याद्रीतील ओढ्याकाठचा वृक्ष. कोकणात तो सुखाने वाढतो. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात पहिले दोन-तीन उन्हाळे जपावा लागतो. मोठ्या झाडाच्या पूर्वेची जागा निवडावी, म्हणजे दुपारनंतरचे ऊन टळते. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा व पाणी चुकवू नये. आवारात फरशी घालायची असेल तर बुंध्याभोवती निदान तीन-चार फूट माती मोकळी सोडावी. खोटा अशोक आधीच लावला असेल तर तोडू नये. तोही पाखरांना फळे देतो. फक्त त्याच्यापुढील पाटीवरचे नाव बदलावे.