टच-अपची घाई नको: बोटॉक्सनंतरचे पहिले दोन आठवडे

आजचा विषय तसा छोटा आहे, पण आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना त्यावरून फोन मात्र भरपूर येतात. सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं, चौथ्या दिवशी आरशात पाहिलं, तर एक भुवई वर आणि एक खाली. मग फोन येतो, "डॉक्टर, डावीकडे लागलंच नाही वाटतं. उद्या येऊन थोडं अजून घेऊ का?" आम्ही सांगतो, उद्या नको, चौदाव्या दिवशी या. ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टर टाळतायत. म्हणून त्यामागचं कारण आज नीट समजून घेऊ.

आधी नावाबद्दल. बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव आहे. औषधाचं नाव बोट्युलिनम टॉक्सिन, प्रकार 'ए'. मुळात हे एका जिवाणूने तयार केलेलं विष. ते डोळ्यांच्या उपचारांतून चेहऱ्यापर्यंत आलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याला, पत्नी नेत्रतज्ज्ञ आणि पती त्वचारोगतज्ज्ञ, या उपचारात भुवयांमधल्या आठ्याही जातात असं दिसलं. त्यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता २००२ मध्ये आली.

आता हे औषध करतं काय? स्नायू आकसायचा तर मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडावं लागतं. त्यासाठी तिथे 'स्नॅप-२५' नावाचं प्रथिन लागतं. बोटॉक्स मज्जातंतूच्या आत शिरून हे प्रथिन कापतं. म्हणजे स्नायूला इजा होत नाही, त्याला निरोप पोचत नाही. पण या कामाला वेळ लागतो. परिणाम साधारण दोन ते पाच दिवसांत दिसू लागतो आणि पूर्ण रंगायला दोन आठवडे जातात. सगळीकडे तो एकाच वेगाने चढत नाही. चौथ्या दिवशी वर दिसणारी भुवई दहाव्या दिवशी आपोआप जागेवर आलेली असू शकते.

समजा, चौथ्या दिवशीच आणखी औषध दिलं. पहिल्या डोसचं काम अजून संपलेलं नाही, त्यावर दुसरा डोस पडला. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त पडलं तर काढता येत नाही. इथे तर पाणी घालून सारखं करायचीही सोय नाही. फिलरमधलं हायल्युरॉनिक ॲसिड विरघळवायला हायल्युरोनिडेज नावाचं औषध आहे. बोटॉक्स स्नायूत उतरल्यावर ते मागे घेणारं औषध नाही. परिणाम ओसरायची वाट पाहायची, आणि त्याला तीन ते चार महिने लागतात. म्हणूनच आम्ही पहिल्यांदा येणाऱ्याला मुद्दाम थोडा हात राखून डोस देतो. टच-अप म्हणजे पहिलं काम बिघडल्याची कबुली नव्हे, तो ठरवलेला दुसरा टप्पा आहे.

चौदाव्या दिवशी आम्ही चेहरा हलवून बघतो. भुवया उंचावा, आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा. आधीचे फोटो शेजारी ठेवतो, कारण भुवयांची उंची अनेकांची मुळातच सारखी नसते आणि ते इंजेक्शननंतर पहिल्यांदा लक्षात येतं. टच-अपने सुधारतात त्या गोष्टी अशा: एका बाजूला आठी अजून पडते, किंवा भुवईचं बाहेरचं टोक नाटकातल्या खलनायकासारखं वर चढलंय. दुसऱ्या प्रकारात कपाळाच्या कडेला एक-दोन युनिट पुरतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस पाच ठिकाणी मिळून २० युनिट असतो.

काही तक्रारींत मात्र टच-अप करायचाच नसतो. भुवया जड वाटतात, खाली आल्यात, असं कोणी म्हटलं की कपाळावर आणखी औषध देणं चूक. भुवई वर उचलणारा स्नायू तो एकच, आणि तोच आधी ढिला पडलाय. पापणी खाली आली असेल तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलंय. तिथे डोळ्यात घालायच्या थेंबांनी तात्पुरता एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, बाकी काही आठवडे धीर धरायचा. तिसरी गोष्ट, चेहरा स्थिर असतानाही दिसणारी खोल रेघ. स्नायू थांबला तरी त्वचेत बसलेली घडी लगेच जात नाही. डोस वाढवून ती पुसली जाणार नाही, उलट चेहरा गोठल्यासारखा दिसेल.

एका टच-अपनंतर मात्र थांबायचं. पुढचं पूर्ण इंजेक्शन तीन महिन्यांच्या आत नको. मानेच्या स्नायूंच्या विकारांत मोठे डोस कमी अंतराने दिले गेले, तेव्हा काही रुग्णांच्या शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आणि औषध लागू पडेनासं झालं. चेहऱ्याच्या छोट्या डोसात हे क्वचित घडतं, पण धोका ओढवून घ्यायचं कारण नाही.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, त्यातले तीन इथे देतो.

टच-अप दुसऱ्या दवाखान्यात घेतला तर चालेल का?
शक्यतो नको. घ्यावाच लागला तर उत्पादनाचं नाव, युनिट, तारीख आणि कुठे टोचलं, हे लिहून न्या. युनिट सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. भुवयांमधल्या ज्या आठ्यांना बोटॉक्सचे २० युनिट लागतात, त्यांनाच डिस्पोर्टचे ५० लागतात. आणि टच-अपचे पैसे वेगळे आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारा. संकोच नको.

फोन लगेच कधी करायचा?
गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, किंवा अंगभर अशक्तपणा जाणवला, तर चौदा दिवस मोजत बसू नका. फोनवरही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. हे फार क्वचित होतं, पण काही आठवड्यांनंतरही होऊ शकतं. दरम्यान गर्भधारणा झाल्याचं कळलं, किंवा नवीन औषध, विशेषतः अँटिबायोटिक, सुरू झालं, तर टच-अपआधी आम्हाला सांगा.

मुलीच्या लग्नाला दहा दिवस राहिलेत. आता घेऊ का?
आम्ही नाही म्हणू. परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे, आणि टच-अप लागला तर त्याचा परिणाम बसायला आणखी दोन. म्हणजे निदान एक महिना हाताशी हवा, आणि पहिल्यांदाच घेणार असाल तर त्याहून जास्त. दहा दिवस आधी घेतलं आणि पापणी उतरली, तर ती लग्नाच्या प्रत्येक फोटोत दिसेल. आठ्यांचं काय, त्या लग्नानंतरही घालवता येतील.