कल्हईवाल्याचा नवसागर आणि टाकीतला हिरवा रंग

बेज्जूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. घरात काचेची टाकी आहे, त्यात गप्पी आणि दोन गोल्डफिश. अमोनिया तपासायचा संच त्यांनी मागवला. सकाळी नळीत पिवळा रंग आला, संध्याकाळी हिरवट. संचाच्या छापील पट्टीवर तो हिरवा रंग त्यांना लिटरला ०.५ मिलिग्रॅम वाटला, घरच्यांना ०.२५. प्रश्न एका ओळीचा आहे : ‘यातलं खरं कुठलं समजायचं?’

उत्तर द्यायला मला थोडं लांबून यावं लागेल, कारण या प्रश्नाची वाट कल्हईवाल्याच्या भट्टीवरून जाते.

भाता, कोळसे, तापून लाल झालेलं पातेलं, आणि त्यात कापसाच्या बोळ्यानं चिमूटभर पांढरी पूड फिरवली की भप्पकन उठणारा पांढरा धूर. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांच्या नाकात तो अजून असेल. ती पूड म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा काळा थर खातो आणि कथील चकचकीत भांड्याला धरतं. वर जाताना दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण होऊन तरंगतात. तोच तो धूर. माशांच्या टाकीतला अमोनिया खरा किती, हे ठरवण्याचं मापही याच नवसागराचं आहे.

१८५६ साली जर्मनीतल्या बाडेनच्या युलियस नेस्लर यांनी पारा, आयोडीन आणि अल्कली यांचं एक द्रावण तयार केलं. अमोनियाचा अंश मिळाला की ते पिवळं पडतं, जास्त मिळाला की तपकिरी. नेस्लर शेतीचे रसायनतज्ज्ञ होते, पुढं त्यांनी द्राक्षांच्या वाइनवर आणि तंबाखूवर काम केलं. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रान्सच्या मार्सलँ बेर्तलो यांनी दुसरी वाट दाखवली : फिनॉल आणि हायपोक्लोराइट अमोनियाशी भेटले की निळा रंग येतो. बेर्तलो पुढं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झाले आणि आज पॅरिसच्या पँथियनमध्ये विसावले आहेत. नेस्लर यांचं नाव मात्र प्रयोगशाळेतल्या त्या द्रावणापुरतं आणि एका काचेच्या नळीपुरतं उरलं. मला हे नेहमी खटकतं, कारण या गोष्टीत सगळ्यात मोलाची आहे ती नेस्लर नळीच.

आपल्याकडच्या संचात बहुधा बेर्तलो यांच्याच अभिक्रियेचं सौम्य रूप असतं. फिनॉलच्या जागी सॅलिसिलेट, जोडीला सोडियम नायट्रोप्रुसाइड. अमोनियामुळे निळा रंग बनतो, द्रावणाचा मूळचा पिवळा त्यात मिसळतो आणि डोळ्याला हिरवं दिसतं. म्हणजे आपण निळ्याचं प्रमाण पिवळ्याच्या पडद्याआडून वाचत असतो. ०.२५ च्या आसपास हा फरक इतका पुसट असतो की पिवळ्या बल्बखाली तो हरवतोच. हिरव्या-पिवळ्यातला बारीक भेद न दिसणं पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आढळतं. पत्रलेखकांनी रंग वाचायचं काम घरातल्या बाईमाणसाकडे द्यावं, हा माझा अगदी मनापासूनचा सल्ला आहे.

पण डोळ्याच्या आधीही चुका होतात. बाटली तिरपी धरली की थेंब लहान-मोठा पडतो. हलवताना नळीच्या तोंडावर बोट ठेवलं तर घामातला अमोनिया आत जातो. पाच मिनिटं थांबायचं, ही सूचना बेताच्या तापमानासाठी असते, जानेवारीच्या पहाटे रंग सावकाश चढतो. उलट उन्हाळ्यात हायपोक्लोराइटची बाटली उघड्या फळीवर राहिली, तर काही आठवड्यांतच तिचा जोर ओसरू लागतो. प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर, बेज्जूरला काय आणि पलीकडे गडचिरोलीत काय, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा घरात मुदतीच्या आतली बाटलीही मेलेली असू शकते. मेलेली बाटली कायम पिवळाच रंग दाखवते आणि मालक निश्चिंत राहतो.

नेस्लर नळी आठवायची ती इथं. एकाच उंचीच्या, एकाच जाडीच्या नळ्यांची रांग लावायची. एकीत तपासायचं पाणी. बाकीच्यांत नवसागर मोजून विरघळवलेली, प्रमाण माहीत असलेली द्रावणं. सगळ्यांत एकाच बाटलीतून, एकाच वेळी अभिकर्मक. खाली पांढरी फरशी, वरून डोळा. ज्या नळीशी रंग जुळेल तिचं प्रमाण हेच उत्तर. बाटली जुनी असो, थंडी असो, उजेड कमी असो, चूक सगळ्या नळ्यांत सारखीच होते, म्हणून तुलना टिकते. संच विकणाऱ्यांनी सोयीसाठी ही जिवंत रांग काढून टाकली आणि तिच्या जागी छापील पट्टी दिली. पट्टीला ना तुमची बाटली माहीत, ना तुमचं घर. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तीच पट्टी वाचून देणारी अ‍ॅप आली आहेत. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग स्वतःच बदलून घेतो, त्यामुळे रांगेशिवाय त्यांच्यावरही माझा विश्वास नाही.

रांग घरी लावता येते. प्रयोगशाळेत वापरायचं शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा, कल्हईचा नवसागर तेवढा शुद्ध नसतो. सोनाराच्या काट्यावर १ ग्रॅम तोलून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातलं ४ मिलिलिटर इंजेक्शनच्या सिरिंजनं घेऊन पुन्हा एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात घाला. या दुसऱ्या पाण्यात लिटरला जवळजवळ १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असतो. तुमचा संच नायट्रोजन न मोजता अमोनिया मोजत असेल, तर तेच पाणी त्याच्या हिशेबानं १.३ भरेल. संचाचा कागद नीट वाचा, दोन माणसांच्या आकड्यांत पडणारी कितीतरी तफावत इथंच असते. त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून ०.५ करा, त्यात पुन्हा तेवढंच घालून ०.२५. नुसतं डिस्टिल्ड पाणी हे शून्य. शून्याच्या नळीतही हिरवी झाक आली, तर दोष नळीचा, पाण्याचा किंवा बाटलीचा, माशांचा नव्हे. टाकीचं पाणी आणि १ चं द्रावण निम्मं-निम्मं मिसळून आणखी एक नळी लावा. रंग दोघांच्या बरोबर मधोमध आला नाही, तर तुमच्या पाण्यातलंच काहीतरी चाचणीत आडवं येतंय.

नेस्लरच्या पद्धतीचा संच हाती आला, तर तीन गोष्टी सांभाळा. बोअरचं पाणी जड असेल तर नळीत गढूळपणा येतो आणि रंग भलताच वाटतो. अमोनिया बांधून ठेवणारी औषधं टाकीत घातलेली असतील, तरी ही चाचणी फसते. आणि या संचाच्या द्रावणात पारा असतो, चाचणीचं पाणी मोरीत किंवा अंगणात ओतू नका.

एवढं करून आलेला आकडाही अर्धवटच. संच एकूण अमोनिया मोजतो, त्यातला माशांच्या कल्ल्यांना जाळणारा मुक्त अमोनिया किती, हे सामू (pH) आणि तापमान ठरवतं. ०.५ धरा, सामू ८. पाणी २० अंशांवर असताना त्यातला सुमारे ३.८ टक्के मुक्त असतो, ३२ अंशांवर सुमारे ८.४ टक्के. म्हणजे जानेवारीत लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम, मे महिन्यात ०.०४२. माशांसाठी साधारण ०.०२ ते ०.०२५ ही मर्यादा धरतात. नळीतला हिरवा तोच, एकदा मर्यादेच्या आत, एकदा दुपटीच्या घरात. सामू ७ असेल, तर ३२ अंशांनाही हे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहतं. शेवाळं असलेल्या टाकीत उन्हाच्या वेळी सामू चढतो आणि रात्री उतरतो, म्हणून चाचणी रोज एकाच वेळी घ्यावी.

बेज्जूरच्या वाचकांना आता थेट सांगतो. तुमच्या पिवळ्या-हिरव्यातलं खरं कुठलं, हे पत्रावरून मला ठरवता येणार नाही, तुमच्या शून्याच्या आणि ०.५ च्या नळ्या ते ठरवतील. वहीत आकड्याशेजारी वेळ, सामू आणि तापमान लिहा. अभिकर्मकाच्या बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी आणि पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, त्यातली एक कडक अल्कली असते. आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले, तर रांग लावत बसू नका. क्लोरीन नसलेलं, टाकीतल्याइतकंच कोमट पाणी घेऊन आधी पाव टाकी बदला, मोजमाप मग करा.