नावातच बर्फ, मग धोका अनपेक्षित कसा?

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली गोठते. आपल्या आया-बहिणी ती कोवळ्या उन्हात ठेवतात, नाहीतर कोमट पाण्याच्या तांब्यात बुडवतात. चुलीच्या जाळावर ती कोणी धरत नाही. एवढे साधे शहाणपण वस्तीतल्या प्रत्येक घरात आहे. पण हाच प्रकार वीस टन रसायन भरलेल्या टँकरच्या बाबतीत घडला की डिझेलमध्ये भिजवलेला बोळा पेटवून व्हॉल्व्हखाली धरा, असे सांगितले जाते. सांगणारा दूर उभा असतो. बोळा धरणारा क्लीनर असतो.

आम्ही हे ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत उत्तर महाराष्ट्रातील एका औद्योगिक वसाहतीत घडलेल्या प्रकरणाची फाईल आमच्या टेबलावर आहे. बंदरावरून ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड भरून एक टँकर संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर आला. प्रयोगशाळा बंद झाली, नमुना उद्या घेऊ, असे सांगून गाडी बाहेर उभी करण्यात आली. रात्री पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरला. सकाळी झाकण उघडून वरून नमुना काढला, तो पास झाला, पाईप जोडला, पण माल उतरेना. पोटात द्रव होता, खालच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र दगड झाला होता. "तुमची गाडी, तुम्ही सोडवा," एवढेच उत्तर मिळाले. एकोणीस वर्षांच्या क्लीनरने बोळा पेटवला. थोड्याच वेळात व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून ॲसिडची चिळकांडी उडाली आणि तिनेच पेट घेतला. दोन्ही हात भाजले, चेहरा भाजला, एक डोळा कायमचा गेला. कारखान्याच्या अहवालात कारण एका ओळीत दिले आहे : टँकर कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

वाचकहो, या एका ओळीशी आमचे भांडण आहे.

शुद्ध ॲसेटिक ॲसिड १६.६ अंश सेल्सिअसला गोठते. हा आकडा कुठल्या गुप्त कागदपत्रात नाही, महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. 'ग्लेशियल' हा शब्दच मुळी बर्फासारखा दिसणारा या अर्थाने त्याला चिकटला, कारण थंड हवेत बाटलीत त्याचे बर्फासारखे खडे होतात. म्हणजे धोका नावातच लिहिलेला आहे. नाशिक, पुणे, नागपूर इकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १६ अंशांच्या कितीतरी खाली जातात, हे सांगायला वेधशाळा लागत नाही. मग जो माल कोणत्या अंशाला गोठतो हे पाठवणाऱ्याला ठाऊक आहे, आणि ज्या रात्री तेवढी थंडी पडणार हेही सर्वांना ठाऊक आहे, त्या मालाचे गोठणे अनपेक्षित कसे? आणि ज्याला यातले काहीच सांगितले नव्हते, तोच निष्काळजी कसा?

आता व्हॉल्व्ह गरम करताना नेमके काय होते ते पाहू. वीस टनांचा साठा एका रात्रीत गोठत नाही, त्याच्या पोटात पुष्कळ ऊब असते. आधी गोठतो तो व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेला बोटभर-हातभर लांबीचा नळ, कारण तेथे द्रव थोडा आणि थंड लोखंड जास्त. त्याच्या मधल्या भागावर जाळ धरला की मधला माल वितळतो. दोन्ही टोकांना मात्र गोठलेले बूच तसेच असते. वितळलेला द्रव फुगतो, त्याला जायला वाट नसते, तो पॅकिंग फोडून बाहेर येतो. या ॲसिडची वाफ सुमारे ४० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते. नुसत्या हवेत उभ्या टँकरमध्ये ते तापमान नसते. ते बोळ्याच्या जाळाने निर्माण होते. म्हणजे आग लागायला लागणारी उष्णता आणि ठिणगी, दोन्ही आपणच पुरवतो. बाकी राहिला माल, तो चेहऱ्यावर येतो.

गोठले म्हणजे निजले, अशी एक समजूत ड्रायव्हर लोकांत आम्हाला आढळली. ती घातक आहे. बेंझिन साडेपाच अंशांना गोठते, पण शून्याखाली दहा-अकरा अंशांनाही त्याची वाफ पेट घेते; गोठलेल्या बेंझिनच्या टाकीवर विडी ओढणारा माणूस बर्फावर बसलेला नसतो. फिनॉल तर जवळजवळ ४१ अंशांना घट्ट होते, त्यामुळे ते वितळवूनच टँकरमध्ये भरतात. कांडला बंदरातून हरियाणातील यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांकडे ऐन थंडीत ते निघाले, तर वाटेत घट्ट होणारच. अंगावर उडाले तर ते कातडी आधी बधिर करते, म्हणून भाजल्याचे लगेच कळत नाही, आणि तेवढ्यात कातडीतून रक्तात जाते. ॲक्रिलिक ॲसिड १३-१४ अंशांना गोठते. त्याचा स्वभाव आणखी वेगळा. ते आपोआप साखळी धरून तापू नये म्हणून त्यात एक रोधक द्रव्य घातलेले असते. गोठताना हे द्रव्य खड्यांबाहेर राहते. मग घाईने वाफ सोडून वितळवले, तर रोधक नसलेला भाग तापतो आणि टाकी फुटू शकते. त्याला कोमट पाण्याने सावकाश, ढवळत, पूर्ण वितळवावे लागते. अर्धवट वितळलेल्यातून माल काढायचा नसतो. कॉस्टिक सोड्याची दाट लाय १०-१२ अंशांना खडे धरते, आणि वितळवताना ती फार तापवली तर साध्या पोलादाला तडे जातात. प्रत्येक मालाची रीत वेगळी. बोळा मात्र सगळ्यांना एकच!

आता ओलियमकडे येऊ. वकिली शिकलेल्या प्रत्येकाला हा शब्द पाठ असतो, पदार्थ बहुतेकांनी पाहिलेला नसतो. आम्हीही परीक्षेत त्यावर पानेच्या पाने लिहिली आणि ओलियम म्हणजे काय हे पुष्कळ वर्षांनी एका टँकर ड्रायव्हरकडून शिकलो. गंधकाम्लात सल्फर ट्रायऑक्साइड हा वायू मुरवलेला असतो, ते ओलियम. भोपाळला एक वर्ष होते ना होते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ते गळले. तीस हजारी न्यायालयात वकिली करणारा एक जण मेला. ती गळती थंडीने झाली नव्हती, टाकीचा आधार कोसळून झाली होती. पण त्या खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने सांगितले की घातक धंदा करून जो नफा कमावतो, त्याच्यावर त्या धंद्यातून झालेल्या इजेची जबाबदारी निरपवाद आहे. आम्ही काळजी घेतली होती, हा बचाव त्याला नाही.

ओलियमची थंडीशी गाठ आहेच. काही प्रमाणांचे ओलियम २०-३० अंशांनाही घट्ट होते, म्हणून ते उतरवताना वाफेने तापवतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे २६ जुलै १९९३ रोजी जनरल केमिकल या कंपनीत रेल्वेच्या टाकीतील ओलियम असेच तापवले जात होते. ते गरजेपेक्षा जास्त तापले, सुरक्षा पडदा फुटला, तीन तासांहून अधिक काळ ढग बाहेर पडत राहिला. २० हजारांहून अधिक लोक दवाखान्यांत गेले. सर्वाधिक झळ बसलेल्यांत नॉर्थ रिचमंडची वस्ती होती. ती प्रामुख्याने काळ्या लोकांची, गरिबांची. कारखान्याशेजारी कोण राहतो याचे उत्तर तेथेही इथल्यासारखेच.

दिल्लीच्या त्या निकालाचे आम्ही कौतुक करतो, पण त्याच्या पोटात एक फट राहून गेली तीही सांगितली पाहिजे. भोपाळ आणि दिल्लीनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक मालाने इजा झालेल्याला चूक कोणाची हे सिद्ध न करता तातडीची मदत मिळावी म्हणून तो केला. पण त्याच्या तिसऱ्या कलमातून कामगार वगळलेला आहे. कामगाराला भरपाईचा वेगळा कायदा आहे, हे कारण. त्या वेगळ्या वाटेने गेले की मालक म्हणून समोर उभा राहतो तो दोन-तीन गाड्यांचा धनी, ज्याच्या गाड्यांवर कर्ज असते. ज्याचा माल होता आणि ज्याच्या गेटवर घडले, ते दोघे रस्त्याच्या पलीकडे निघून जातात. रस्त्याने जाणाऱ्याला संरक्षण आणि व्हॉल्व्ह धरणाऱ्याला अहवालातील एक ओळ!

आमच्या प्रकरणात विमा कंपनीने लेखी कैफियतीत म्हटले की गाडी उभी होती, म्हणून हा मोटार अपघातच नव्हे. याला उत्तर महाराष्ट्राच्याच रस्त्यावर लिहिले गेले आहे. १९८७ साली राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर पहाटे उलटला आणि काही तासांनी, तो पडलेला असताना, स्फोट होऊन जवळ जमलेली माणसे गेली. उभ्या किंवा पडलेल्या गाडीतूनही 'वापर' घडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्या खटल्यात ठरवले. हा मुद्दा आम्ही न्यायाधिकरणासमोर मांडला आहे. कारखान्याविरुद्ध मात्र दिवाणी दावा वेगळा घालावा लागला.

कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३१ वा नियम माल पाठवणाऱ्यावर टाकतो की वाहतूकदाराला मालाची पूर्ण माहिती मिळाली आहे आणि चालक त्या धोक्यांसाठी प्रशिक्षित आहे, याची खात्री त्याने करावी. नववा नियम चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावे व त्याने प्रशिक्षण पूर्ण करावे असे सांगतो. क्लीनरचा त्यात उल्लेख नाही. आणि बोळा तर तोच धरतो. केबिनमध्ये ठेवायचे ट्रेम कार्ड आम्ही अनेक गाड्यांत मागून पाहिले. आग लागली तर काय, गळती झाली तर काय, हे छापलेले असते, बहुधा इंग्रजीत. माल गोठला तर काय, याबद्दल आमच्या पाहण्यातील एकाही कार्डावर शब्द नव्हता. समुद्रावर असे चालत नाही. रसायनवाहू जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत, जे माल शून्याच्या वर गोठतात त्यांपैकी अनेकांचा द्रवणांक जहाजाच्या कागदपत्रांत लिहिण्याचे बंधन आहे. जहाजात तापवण्याच्या नळ्या असतात, कोणत्या तापमानाला माल उतरवायचा हे ठरलेले असते. तोच माल धक्क्यावर उतरून टँकरमध्ये चढला की तो आकडा बंदरातच राहतो. आकडा जहाजाच्या कप्तानाला कळायला हवा आणि क्लीनरला नको, असे कोणी ठरवले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. खाणकामगारांचे प्रश्न त्यांनी फायलीवरून समजून घेतले नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की औद्योगिक सुरक्षेचे जे अधिकारी आहेत त्यांनी जानेवारीच्या एका रात्री कारखान्याच्या गेटबाहेर टँकरच्या रांगेत उभे राहून पाहावे.

उपाय महागडे नाहीत. टँकरच्या व्हॉल्व्हला उबदार वेष्टण घालता येते. गेटवर ३५-४० अंशांच्या कोमट पाण्याचा नळ ठेवता येतो; ॲसेटिक ॲसिडला तेवढे पुरते. थंडीच्या दोन महिन्यांत प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास जास्त उघडी ठेवली तर गाडी रात्रभर उघड्यावर उभीच राहणार नाही. जेथे प्रक्रियेला चालते तेथे थोडे पाणी मिसळलेले ॲसिड मागवता येते, त्याचा गोठणबिंदू झपाट्याने खाली येतो. परदेशात गंधकाम्लाच्या बाबतीत हेच करतात : ९८ टक्क्यांचे ३ अंशांच्या आसपास गोठते म्हणून थंडीत ९३ टक्क्यांचे पाठवतात, ते शून्याखाली पुष्कळ उतरले तरी वाहते. यातले काही करायचे म्हटले की खर्च पुढे येतो. डोळ्याचा खर्च मात्र दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

ज्यांच्या घरातला कोणी टँकरवर ड्रायव्हर किंवा क्लीनर आहे, त्यांनी या आठवड्यात त्याच्याकडून बिल्टी आणि ट्रेम कार्ड मागून घ्यावे. माल किती अंशांना गोठतो आणि गोठल्यावर काय करावे, हे त्यावर लिहिले आहे का, आणि कोणत्या भाषेत, ते पाहावे. नसेल तर दोन्हीची झेरॉक्स काढून, गाडी कोठून कोठे जाते ते मागे लिहून, आमच्याकडे पोचवावी. कारखाना निरीक्षक आणि परिवहन आयुक्त यांना द्यायच्या निवेदनाला ती जोडायची आहे. मुलाच्या दाव्याची पुढची तारीख जानेवारीत आहे. त्याआधी जेवढी कार्डे हाती येतील तेवढी हवी आहेत.